सलूहाचे एकशे अठ्ठ्याऐंशी शेरे

रमला, करकना बेटं, ट्युनिशिया
शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

आदरणीय सी नूरी यांना हमादीचा सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? डाव्याची चौकशी आधी करतो, कारण गेल्या खेपेला फोनवर तुम्ही त्याचीच तक्रार जास्त केली होती. उजव्याने राग मानू नये. वहिनींचा रक्तदाब, सिरीनची नोकरी आणि तिकडे फ्रान्समध्ये तूलाँची थंडी आटोक्यात असेल अशी आशा करतो. आमच्याकडचं विचाराल तर आम्ही बरे आहोत. (‘आम्ही’ हे सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होतो, पण ह्या प्रोग्राममध्ये खोडलेला शब्द लाल रेघेसकट तिथेच दिसत राहतो आणि ते बंद कसं करायचं हे मला अजून सापडलेलं नाही. म्हणून राहू दिलं.) ऑक्टोपसचा हंगाम यंदा बेताचाच गेला. शेजारच्या हज्जाने चार वाळवून दिले आहेत, त्यांचं जवाच्या भरड्याबरोबर कढण करतो. पातेलं जुनंच असल्यामुळे ते दोघांपुरतं होतं आणि दुसऱ्या दिवशीही तेच खातो. दुसऱ्या दिवशी चव जास्त चांगली लागते असं सलूहा म्हणायची. मला फरक कळत नाही.

पत्रातल्या ओळी मधेच तुटलेल्या दिसतील, कुठे अक्षर एकदम मोठं झालेलं दिसेल. त्याला माझं वय कारण नाही, प्रोग्राम नवा आहे. गेल्या सात महिन्यांत मी लेखनाचे चार प्रोग्राम वापरून पाहिले. माझ्या वयाची माणसं कॉफीच्या दुकानात पत्ते खेळतात. मीही तिथे जाऊन बसतो, पण पत्त्यांत चौथा गडी आधीच ठरलेला असतो आणि पाचव्याला कोणी काही विचारत नाही. घरी आलं की प्रोग्राम तरी विचारतो, बदल जतन करायचे का. तेव्हा वेळ कसा जातो ह्याची काळजी नसावी.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. चार वर्षांपूर्वी सिरीनने त्या प्रसिद्ध, विकतच्या प्रोग्रामची कुटुंबासाठी असलेली वर्गणी भरली, ते तुम्हाला आठवत असेल. सहा नावं घालता येत होती. तुम्ही, वहिनी, सिरीन, तिचे दोघे भाऊ आणि सहावी तुमची बहीण सलूहा. माझं नाव त्यात नव्हतं आणि मला त्याची गरजही नव्हती. घरात लॅपटॉप एक, बायको एक, तिने उघडून दिलं की मी समोर बसायचो. (तिने तीस वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखन केलं, मी शाळेत भूगोल शिकवला. मी दोन बोटांनी टाइप करतो. ती म्हणायची, तू अक्षरं टोचतोस, कोंबडी दाणे टिपते तशी.) ती गेली, आणि तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुआनंतर पंधरा दिवसांनी तिच्या पत्त्यावर एक निरोप आला. प्रिय सलूहा, तुमच्या कुटुंबप्रमुखांनी तुम्हाला कुटुंबातून कमी केलं आहे. पुन्हा सामील व्हायचं असल्यास कृपया कुटुंबप्रमुखांशी बोलावं. मी तो दोनदा वाचला, लॅपटॉप मिटला आणि पाव आणायला बाहेर पडलो. पाव घरात होता.

ह्यात सिरीनचं काही चुकलं असं मी मुळीच म्हणत नाही. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला प्रबंध लिहायचा आहे, आणि जे माणूस आता नाही त्याच्या नावाची जागा अडवून ठेवण्यात अर्थ नाही, हे मला भूगोलाच्या मास्तरालाही कळतं. फक्त त्या दिवसापासून आमचा लॅपटॉप तिच्या फाइली उघडतो, पण हात लावू देत नाही. वर एक पिवळी पट्टी येते, की हे फक्त वाचण्यासाठी आहे. अक्षर टोचलं तर टुण्ण असा आवाज होतो. घरात एरवी शांतता असल्यामुळे तो मोठा वाटतो.

तुम्ही म्हणाल, ह्या वयात फाइलीत लिहायचं काय राहिलं आहे? तर बेटांच्या मंडळाने मला शरफियांची नोंदवही लिहायला सांगितली होती. कुठला शरफिया कोणाच्या घराण्याचा, हद्द कुठून कुठवर, नाव कशावरून पडलं, कोणत्या वाऱ्याला मासळी येते, असं सगळं. माझ्यासारख्या सफाक्स शहरातल्या माणसाला बेटाच्या समुद्राबद्दल लिहायला सांगणं ही चूकच होती, पण मंडळात शुद्धलेखन येणारा मीच होतो. मी सुरुवात अशी केली, की शरफिया म्हणजे उथळ समुद्रात खजुरीच्या झावळ्या ओळीने रोवून केलेली कुंपणवाट, जिच्या टोकाच्या पिंजऱ्यात मासळी अडकते, आणि जी जमिनीसारखीच बापाकडून मुलाकडे जाते. दुसऱ्या दिवशी समासात सलूहाचा पहिला शेरा आला. ‘हे कोणाला सांगतोयस? इथल्या शेळ्यांनाही माहीत आहे.’

तेव्हापासून तसंच चाललं. सकाळी मी लिहायचो, दुपारी मी झोपलो की ती वाचायची आणि समासात शेरे मारायची. तो प्रोग्राम शेऱ्यावर तिचं नाव, वार आणि वेळ घालायचा. शेरा नऊ: ‘हा वारा शलूक आहे, शर्की नाही. अडतीस वर्षं झाली, अजून तुला वारा कळत नाही.’ शेरा तीस: ‘ह्या घराण्याला तीन मुलगे होते. तिसरा बुडाला म्हणून कोणी नाव घेत नाही. तू घे.’ शेरा एकेचाळीस: ‘येताना पाव आण, आणि कालच्यासारखा करपलेला नको.’ जेवताना आम्ही ह्यातलं काही बोलत नसू. तुम्हाला आमचं घर माहीत आहे, बोलण्याचा खर्च आमच्याकडे कमीच. शेरे एकूण एकशे अठ्ठ्याऐंशी झाले. शेवटचा इस्पितळात जायच्या आदल्या दिवशीचा आहे, मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं. त्यात एका सालाची चूक दाखवली आहे.

आता फाइल बंद झाली, वही अर्धवट, आणि मंडळाचे अध्यक्ष सी शाद्ली दर शुक्रवारी मशिदीच्या दारात मला गाठून विचारणार, मास्तर, आपली वही माझ्या हयातीत होईल ना? म्हणून मी पोस्टाशेजारच्या मादाम रफीकाकडे गेलो. (कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं दुकान चालवते ती. सलूहाच्या हाताखाली कचेरीत होती, टायपिंग तिच्याकडेच शिकली.) मी म्हटलं, मला दुसरा प्रोग्राम दे, पण शेऱ्यांवरचं नाव तसंच राहिलं पाहिजे. तुम्हाला तर ठाऊकच आहे, आपल्याकडे हद्दीबद्दल नुसतं कोणी काही सांगितलं तर त्याला किंमत नाही. कोणी सांगितलं आणि तो कोणाचा, हे आधी लागतं. आणि तुमचे वडील तर अमीन होते. हद्दीच्या भांडणात त्यांचा शब्द झाला की होड्या माघारी वळायच्या. त्यांच्या मुलीने सांगितलेली हद्द आणि सफाक्सहून आलेल्या जावयाने सांगितलेली हद्द, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रफीकाने आधी फुकटवाला प्रोग्राम घालून दिला. हे पत्र त्यातच लिहितो आहे. गुणी आहे, काही मागत नाही. पण त्यात वही उघडली तर सगळ्या शेऱ्यांवर ‘अज्ञात लेखक’ आलं. एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा. करपलेला पाव नको म्हणणारी बाई माझ्या घरात अज्ञात कशी असेल, तुम्हीच सांगा. मी रफीकाला म्हटलं, हिचं नाव परत घाल. तिने बराच वेळ खटपट केली आणि म्हणाली, मास्तर, ह्याने नाव नुसतं लपवलेलं नाही, गिळलंय. (ह्या प्रोग्रामचं एक मात्र कौतुक करायला हवं. रोज उघडला की तो ‘आजची युक्ती’ म्हणून एक चौकट दाखवतो. तक्त्यात रांग कशी वाढवावी, पानांवर आकडे कसे घालावेत, असं काहीबाही. मला त्यातलं काही करायचं नसतं. पण दिवसाची सुरुवात मला उद्देशून बोललेल्या एका वाक्याने होते. मध्यंतरी युक्त्या संपल्या आणि पहिल्यापासून सुरू झाल्या. रांग कशी वाढवावी हे मला माहीत आहे असं दाखवलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून पुन्हा वाचतो.)

मग पूर्वेकडून आलेला एक प्रोग्राम घेतला. दिसायला हुबेहूब विकतच्यासारखा, आणि नावंही जागच्या जागी. मी खूश झालो, रफीकासाठी बदामाचा चहा मागवला. पण त्याने काय केलं होतं, तर प्रत्येक शेरा एक परिच्छेद खाली सरकवला होता. वाळवलेल्या ऑक्टोपसला मीठ किती लावायचं ह्यावर सलूहाने लिहिलं होतं, ‘इतकं नाही, कडक होतो आणि कोणी तोंड लावत नाही.’ तो शेरा आता मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांच्या चरित्राशेजारी उभा होता. बुडालेल्या खलाशांच्या यादीशेजारी आलं होतं, ‘येताना पाव आण.’ आणि जिथे तिने अख्ख्या वहीत एकदाच ‘हे बरं लिहिलंयस’ म्हटलं आहे, ते जाऊन बसलं एका कोऱ्या ओळीवर. ती ओळ मी बराच वेळ पाहिली. नक्की कशाला बरं म्हणाली होती ते जुन्या फाइलीत जाऊन शोधावं लागलं. वाऱ्यांचा परिच्छेद होता. अर्थात तो तिनेच सांगितलेला होता.

ह्या काळात मी रफीकाकडे रोज जात होतो. एकदा ती गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, ‘मास्तर, लोक माझ्याकडे जन्मदाखले काढायला येतात. तुम्ही रोज एकाच बाईचं नाव शोधायला येता. तुमचं खातं वेगळं काढू का?’ लोक हसले. मीही हसलो. नंतर तिने दार बंद करताना मला माझी टोपी आणून दिली आणि उद्या या म्हणाली.

चौथा प्रोग्राम हवेतला. म्हणजे लॅपटॉपमध्ये काही घालायचं नाही, सगळं इंटरनेटवर आणि तिथूनच दुसऱ्याला पाठवायचं. त्याने आधी माझं नाव विचारलं. कोणीतरी नाव विचारलं म्हणून मी आनंदाने पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, लिहिलं. फाइल चढली, शेरे सगळे जागेवर होते, मी डोळे मिटून ती फाइल सी शाद्लींच्या फोनवर पाठवून दिली. डोळे मिटून हे खरंच झालं, चष्मा पुसत होतो. चष्मा घातल्यावर दिसलं, की सगळे शेरे माझ्या नावावर झाले आहेत. शेरा नऊ, हमादी: ‘अडतीस वर्षं झाली, अजून तुला वारा कळत नाही.’ इथवर ठीक होतं. माणूस नम्र आहे असं लोक म्हणाले असते. पण शेरा एकशे दोन होता, आणि तो सी शाद्लींच्या घराण्याच्या शरफियावर होता.

अर्ध्या तासाच्या आत ते दारात आले. दारावरची कडी त्यांनी वाजवली नाही, हाक मारली.

‘हमादी! बाहेर ये. घरात बसून माझ्या आजोबांवर चिखल उडवतोस होय?’

‘आत या सी शाद्ली, चहा ठेवतो.’

‘चहा राहू दे तुझा. हे वाच. मोठ्याने वाच, हज्जा भिंतीला कान लावून उभीच आहे, तिचीही सोय होईल.’

भिंतीपलीकडून आवाज आला, ‘मी कपडे वाळत घालतेय!’

‘अंधार पडल्यावर कसले कपडे वाळवतेस ग? वाच रे तू.’

(अंधार वगैरे काही नव्हता, ऊन होतं. सी शाद्लींना रागात दिसत नाही.) मी वाचलं. ‘हे खोटं आहे. कडेची झावळी शाद्लीच्या आजोबांनी चार हात पुढे सरकवली होती. बाबांनी पाहिलं होतं.’ मी म्हटलं, हे मी लिहिलेलं नाही, सलूहाचं आहे. ते म्हणाले, ‘मग इथे नाव कोणाचं आहे? वाच की, बापाच्या नावासकट आहे. गेलेल्या बायकोच्या मागे लपतोस? लाज वाटायला हवी. सफाक्सहून आलास तेव्हा तुला वल्हं धरता येत नव्हतं, आणि आता आम्हाला हद्दी शिकवतोस!’

सी नूरी, मी भांडणारा माणूस नाही. तेव्हा मला दोन वाटा होत्या. माफी मागून शेरे पुसून टाकले असते, तर ते निवळले असते. बायको गेल्यापासून मास्तरचं डोकं जरा हललंय एवढं म्हणून सोडून दिलं असतं. वही छापली गेली असती. पण मग ते सगळं माझं बोलणं ठरलं असतं, आणि एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा ती बेटावर बोललीच नाही असं झालं असतं. मी त्यांना म्हटलं, आत या आणि डोळ्यांनी पाहा. एवढं मोठ्याने मी गेल्या कित्येक दिवसांत बोललो नव्हतो, त्यामुळे आवाज जरा फाटला. तेही दचकून आत आले.

लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागतो. घाईत माझ्या हातून आधी फुकटवालाच उघडला आणि त्याने सी शाद्लींना तक्त्यात रांग कशी वाढवावी ते सांगितलं. ते म्हणाले, हा कोण? मी म्हटलं, हा आपला नव्हे. मग विकतचा उघडला, पिवळी पट्टी आली, आणि समासात एकशे दोन क्रमांकाचा शेरा. वर नाव: सलूहा. रविवार, तीन वाजून पस्तीस मिनिटं. त्यांच्या फोनवर शेऱ्याचं पहिलंच टोक दिसत होतं, इथे पूर्ण होता. ते ओठ हलवत वाचू लागले. ‘…बाबांनी पाहिलं होतं. पण दुसऱ्या दिवशी आजोबा होडीत बाबांच्या शेजारी येऊन बसले आणि रडले. त्या साली त्यांच्या घरात दोन मुलं आजारी होती. बाबांनी झावळी तशीच राहू दिली आणि कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण मी लहान होते आणि मला कळणार नाही असं त्यांना वाटलं. हमादी, तू हद्द लिही, बाकीचं लिहू नकोस.’

सी शाद्लींनी तो शेरा पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग त्यांनी विचारलं, ‘तुझा चहा झाला का?’ मी चहा आणला. ते म्हणाले, ‘त्या आजारी मुलांतला एक माझा बाप. आजोबा रडले होते हे आमच्या घरात कोणी कधी सांगितलं नाही. आम्हाला वाटायचं, दगड होता म्हातारा.’ पुढे म्हणाले, ‘अमीनची पोर आहे ती, तिने सांगितलं म्हणजे झालं. छाप. पण तिच्या नावाने छाप. तुझ्या नावाने छापलंस तर कोर्टात खेचीन.’

त्यानंतर ते उठले नाहीत. पहिल्या पानापासून शेरे वाचत बसले. मधेच हसायचे, मधेच म्हणायचे, ‘बघ, बघ, तुला कशी झाडलीय!’ मी समोरच्या खुर्चीत पेला धरून बसलो होतो. त्यांनी मला काही विचारलं नाही, त्यांचं लक्षच नव्हतं. पण खोलीत माझ्याशिवाय कोणीतरी घसा खाकरत होतं, खुर्ची सरकवत होतं. ते गेल्यावर मी त्यांचा पेला लगेच विसळला नाही.

पुढचं रफीकाने सोडवलं. ती म्हणाली, मास्तर, कुलूप लिहिण्याला आहे, छापण्याला नाही. शेऱ्यांसकट एक प्रत कागदावर काढू आणि त्याच्या झेरॉक्स मारू. मी म्हटलं, अजून बऱ्याच चुका दुरुस्त करायच्या राहिल्यात. ती म्हणाली, असू देत, बाजूला बाईंनी दुरुस्त केल्याच आहेत. तेव्हा वही आता अशी निघाली आहे: मधे माझ्या चुका, बाजूला सलूहाचे शेरे, प्रत्येकावर तिचं नाव. तेवीस शेरे घरगुती होते, पाव, गॅस, माझे मोजे असे. त्यांच्यावर रफीकाने पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आणि मग झेरॉक्स काढली. काम इतकं सफाईचं केलं आहे, की तिथे काही होतं हे कोणाला कळणारही नाही. मंडळाच्या लोकांना वही पसंत पडली. मधला मजकूर कोणी वाचत नाही, सगळे समास वाचतात. तुमची प्रत ह्या पत्राबरोबर पाठवतो आहे.

तर प्रोग्रामचा प्रश्न असा मिटला. वही झाली, आणि पत्रं लिहायला फुकटवाला पुरेसा आहे. तुम्ही माझी काळजी करू नये. वहिनींना सलाम, सिरीनला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला आशीर्वाद, त्याच्या प्रबंधाला यश येवो.

तुमचा नम्र,
हमादी

ता. क. वहीबरोबर वाळवलेला ऑक्टोपस पाठवला आहे. मीठ मी लावलेलं नाही, हज्जाने लावलं आहे, तेव्हा निर्धास्त खावा.

ता. क. दोन. सिरीनच्या होणाऱ्या नवऱ्याचा प्रबंध साधारण कधी संपेल? घाई अजिबात नाही. संपल्यावर ती सहावी जागा रिकामी होणार असेल, तर तिथे पुन्हा सलूहाचं नाव घालता येईल का, एवढं सिरीनला विचारावं. वर्गणीतला तिचा वाटा मी पाठवीन. हे ऐकून सिरीन काही म्हणाली, तर मी विचारलं असं सांगू नये.

ता. क. तीन. वही छापून झाली मग नाव कशाला, असं तुम्ही विचाराल. प्रत्येक शेऱ्याखाली उत्तर लिहायची एक चौकट असते. कुलूप लागल्यापासून ती येत नाही. सलूहा होती तोवर मी एकाही शेऱ्याला उत्तर दिलं नाही. चूक दुरुस्त करायचो आणि पुढे जायचो, मला वाटायचं हेच उत्तर. आता वेळ आहे. रोज एक लिहिलं तर सहा महिने पुरतील. फुकटवाल्यात चौकट आहे, पण अज्ञात लेखकाला मी काय लिहिणार?

ता. क. चार. एकसष्टाव्या पानावरचा शेरा पट्टीखाली गेल्यामुळे तुम्हाला वहीत दिसणार नाही, म्हणून इथे उतरवतो. ‘अडतीस वर्षांत माझ्या भावाला एक पत्र लिहिलं नाहीस. फोनवर नुसतं हं हं करतोस. एकदा लिही. मी सांगितलं म्हणून नको आणि काही मागायचं आहे म्हणून तर नकोच.’ पहिली अट आधीच मोडली आहे, त्याला इलाज नाही. दुसरी पाळण्यासाठी एवढी कृपा करावी, की पत्र माझ्या सहीपाशी संपलं असं धरावं, आणि सहीखालचा मजकूर मागाहून आलेला वेगळा कागद समजावा. मला त्या शेऱ्याखालच्या चौकटीत ‘लिहिलं’ एवढंच लिहायचं आहे, आणि ते खोटं व्हायला नको.